सीटखालचा कॉक

गाडी मुळात चालूच होत नसती तर बरं झालं असतं. बॅटरी गेली म्हणून आम्ही मोकळे झालो असतो. पण आमची जुनी पिकअप पहिल्या झटक्यात चालू झाली, अंगणभर धूर केला, वाडीच्या फाटकापर्यंत गेली आणि तिथे दोन आचके देऊन गप्प झाली. मागे केळीचे घड लादलेले होते. बाबा खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि मला हाक मारली, "ए साहेब, टॉर्च आण."

साहेब म्हणजे मी. कोळगावच्या सरकारी कचेरीत कागद इकडून तिकडे सरकवतो म्हणून बाबांनी हे नाव दिलेलं, आणि त्यात कौतुक फारसं नव्हतं. पालघरजवळच्या माहीमला आमची वाडी आहे, नारळ-केळी-पानवेलीची. तिथला माल बाबांनी वीस वर्षं याच पिकअपमधून पालघर आणि बोईसरच्या बाजारात नेला. मला गाडीतलं काही कळत नाही आणि हे ते चारचौघांत सांगत. त्यांचा कान मात्र सगळ्या गावाला माहीत होता. ओटीवर बसल्या बसल्या वळणावरच्या गाडीचा आवाज ऐकून ती कोणाची ते सांगायचे. वर, "पट्टा सैल हाय तिचा," असा शेराही मारायचे.

"डिझेल पोचत नाय," ते म्हणाले. फिल्टर उघडला, तर कोरडा. त्यात बाटलीने डिझेल भरलं, हवा काढली, किल्ली मारली. चालू. दीड-दोन मिनिटं छान चालली, मग परत बंद. म्हणजे बाटलीतलं संपेपर्यंतच तिचा जीव. टाकीकडची नळी सोडली तर तिथे डिझेलची धार होती, फिल्टरकडच्या टोकाला थेंब नव्हता. "मदीच कुटंतरी अडतंय," बाबा म्हणाले. एवढं मलासुद्धा कळलं. मला वाटलं, आता तासाभरात सापडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फिल्टर काढला, उजेडात धरला आणि म्हणाले, "हा खराब झालाय, नवा आण."

"बाबा, नवाच आहे. काल मीच आणला पालघरहून."

"काल कदी?"

मी चिडलो. रजा टाकून गाडीखाली टॉर्च धरून बसलो होतो, घड काळे पडायला लागले होते. मी म्हटलं, "तुम्ही ऐकतच नाही कोणाचं." ते फिल्टर फडक्याने पुसत राहिले. ते वाक्य मला अजून टोचतं.

तिसऱ्या दिवशी मी बोईसरहून मिस्त्रीला बोलावलं. बाबांचा जुना ओळखीचा माणूस, उत्तरेकडून येऊन इथे गॅरेज थाटलेला. त्याने नळी हाताने चाचपत चाचपत नेली, ती केबिनच्या तळातून वर शिरते तिथे थांबला, आणि सरळ ड्रायव्हरची सीट उचलली. खाली फाटक्या चटईच्या घडीत, त्याच नळीवर, तोटीसारखा एक पितळी कॉक होता.

"चाचा, ये तो बंद है," तो हसत म्हणाला.

"कसला कॉक?" बाबा म्हणाले. "कोनी बसवला हा?"

मिस्त्री अजून हसतच होता. "क्या चाचा, आपने ही लगाया था. मेरे गैरेज में बैठ के, अपने हाथ से."

तेव्हा मला आठवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी बोईसरच्या बाजारातून आमची गाडी चोरीला गेली होती आणि दोन दिवसांनी चिल्हार फाट्याजवळ सापडली होती. तेव्हापासून बाबांनी डिझेलच्या नळीत चोरकॉक बसवला. इकडचे बरेच ड्रायव्हर बसवतात. रात्री कॉक बंद करायचा. चोराने गाडी चालू केली तरी नळीतलं उरलेलं संपलं की ती रस्त्यात बंद पडणार. कॉक कुठे आहे हे घरातही कोणाला सांगायचं नाही, हा नियम. बाबांनी तो इतका कडक पाळला की आईलाही ठाऊक नव्हतं. आता त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"हां, हां, मीच बसवला," बाबा घाईने म्हणाले. पण त्यांचा चेहरा मी पाहिला. मिस्त्रीनेही पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

त्या संध्याकाळी मी ओटीवरून मुद्दाम लक्ष ठेवलं. बाबांनी गाडी आंब्याखाली लावली, किल्ली काढली, आणि दुसरीकडेच बघत असताना त्यांचा डावा हात सीटखाली गेला. कॉक बंद झाला. डोक्याला पत्ता नव्हता, हाताला होता. सकाळी तो उघडायला मात्र हातही गेला नाही. गाडी चालू झाली, फाटकापाशी बंद पडली, आणि बाबांनी हाक मारली, "ए साहेब, टॉर्च आण." गाडीत काहीही बिघडलेलं नव्हतं.

मी कॉक उघडला आणि त्यांच्या शेजारी बसून बोईसरला निघालो. म्हटलं, बघू तर खरं. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्यांनी एक बैलगाडीसुद्धा पुढे नसताना गाडी उजव्या बाजूला घेतली आणि तशीच ठेवली. समोरून कारखान्याचा टँकर येत होता. मी स्टिअरिंग ओढलं. टँकरवाला शिव्या घालत गेला. बाबा म्हणाले, "त्याला दिसत नाय काय?"

पालघरच्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, आजचा वार विचारला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, गाडी यांच्या हातात देऊ नका. बोलायला सोपं. किल्ली लपवून बघितली, तर त्यांनी आईला चोर ठरवलं. दिवसभर जेवले नाहीत. तेव्हा मी ठरवलं, किल्ली असू दे त्यांच्याकडे. कॉक बंद आहे तो बंदच राहू दे. त्याबद्दल ना मी बोलणार, ना आई.

असे सात-आठ महिने गेले. रोज सकाळी बाबा बाटलीने फिल्टर भरत, गाडी चालू करत, ती फाटकापाशी मरायची. जेवणवेळेपर्यंत ते बॉनेटमध्ये डोकं घालून असत. आधी पंपावर संशय, मग टाकीच्या झाकणावर, मग पुन्हा फिल्टर. संध्याकाळी मी गाडी ढकलून आंब्याखाली आणायचो. एक दिवस कचेरीतून आलो तर ते पायरीवर बसले होते, मांडीवर फिल्टर, हात कोपरापर्यंत काळे. रडत होते. "माजं काय चुकतं तेच कळत नाय रे," ते म्हणाले. "मला गाडी येत नाय आता."

एक शब्द बोललो असतो तर भागलं असतं. मी त्यांचे हात रॉकेलने पुसले आणि म्हटलं, "जुनी झाली गाडी, बाबा." त्यांचा जीव वाचवत होतो, त्या टँकरवाल्याचाही. हे खरंच आहे. पण ज्या एका गोष्टीत ते कोणालाही हार जात नसत, तीत त्यांना मी रोज हरवत होतो, हेही खरं आहे. त्याची लाज मला तेव्हाही वाटत होती.

मग हळूहळू त्यांनी गाडीकडे जाणं सोडलं. पंधरा दिवस फिरकलेच नाहीत. एका रविवारी सकाळी वाटलं, बॅटरी उतरायला नको. मी सीट उचलली, कॉक उघडला, फिल्टर भरला, त्यांना बघून बघून शिकलो होतो तशी हवा काढली आणि किल्ली मारली. दोन मिनिटं झाली, पाच झाली. गाडी चालूच राहिली.

बाबा आईचा हात धरून ओटीवरून उतरले. गाडीपाशी आले, बॉनेटवर तळवा ठेवला आणि मान कलती करून ऐकत राहिले, पूर्वी ऐकायचे तसेच. माझा धीर सुटला. मी म्हटलं, "बाबा, कॉक बंद होता. मी बंद ठेवला होता. तुमचं काहीच चुकत नव्हतं."

त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. आणखी थोडं ऐकलं.

"मशीन ठणठणीत हाय," ते म्हणाले. "काय पन दोष नाय. कोनाची गाडी?"

"तुमचीच, बाबा."

ते माझ्याकडे बघून हसले, बाजारात अनोळखी माणसाशी हसावं तसे.

"नाय हो," ते म्हणाले. "तुमी चुकताय. माजी तर चालू होते नि बंद पडते."