सुशीलाबाईंचा आंबा आणि आमचे उपचार

आमच्या लाइनीत माणसाला ताप आला तर दोघी विचारायला येतात. झाड पिवळं पडलं तर सगळी लाइन येते. प्रत्येकाकडे औषध असतं! मग किस्से साठणारच. लाइन म्हणजे फॅक्टरीतून रिटायर झालेल्या मराठी लोकांची दहा-बारा घरं. जबलपुरात आम्हाला सगळे ओळखतात ते सुशीलाबाईंच्या दारातल्या आंब्यावरून.

तोच आंबा मागच्या वर्षी वाळायला लागला. त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, पुढच्या भीमजयंतीपर्यंत पालवी नाही आली, तर काटके गाडी का शेड बनवा देंगे."

तेव्हापासून त्यांच्या घशाखाली घास उतरेना.

*

झाडांच्या बाबतीत आमचे मोठे डॉक्टर मेश्रामभाऊ. माझं लिंबू पिवळं पडलं तेव्हा मी रोज दोनदा पाणी घालत होते. भाऊंनी मातीत बोट खुपसलं. चिखल! माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, झाडाले पोहायचं शिकवून राहिल्या का?"

पाणी थांबवलं. पंधरा दिवसांत लिंबू सावरलं, आणि भाऊंचा भाव वाढला.

*

म्हणून आंब्याची केसही त्यांच्याकडेच गेली. त्यांनी खोडाला चुना लावला, मुळाशी ताक ओतवलं, वाळवीचं औषध घातलं. आंबा तसाच.

सुशीलाबाई रोज त्याच्याशी बोलत. एकदा मी त्यांना म्हणताना ऐकलं, "आता तू तरी सांग बापा, तुले काय पाहिजे!"

*

एक दिवस त्यांनी वाळकी डहाळी डब्यात घातली आणि मला घेऊन ओमती भागात शेतीच्या औषधांच्या दुकानात गेल्या. डबा समोर ठेवला.

दुकानदार म्हणाला, "अरे दीदी, हम घर से खाकर आए हैं!"

झाकण उघडलं तर पांढरे कापसासारखे किडे चालत होते. तो दोन पावलं मागे सरकला. मग नीट बघून म्हणाला, "ये कीड़ा बाद में आया है। पेड़ पहले से कमज़ोर है। जाकर तना देखिए।"

घरी येऊन आम्ही खोड पाहिलं. चुन्याखाली काही दिसलंच नाही.

*

पावसाळ्याच्या तोंडाशी, मुदत बाकी असतानाच, मुलाने गोहलपुरहून वेल्डर बोलावला, शेडचं माप घ्यायला. सुशीलाबाई आतून बाहेर यायला तयार नव्हत्या.

तोडायचं झाड किती जाड, म्हणून वेल्डरने खोडाभोवती फीत घातली. डोक्याच्या उंचीवर फीत अडकली. त्याने नखाने चुना खरवडला आणि ओरडला, "माताजी, इसमें तो लोहा पहले से लगा है!"

तार! एक नाही, चार-पाच. दर जयंतीला निळ्या पताकांची तार आंब्याला बांधायची आमची पद्धत. पताका उतरायच्या, तार राहायची. पुढच्या वर्षी नवी. खोड वाढलं, तारा सालीत रुतल्या, आणि झाडाचा गळाच आवळला गेला.

"बांधत कोण होतं?" मुलाने विचारलं.

तोवर जमलेल्या लाइनीतून मेश्रामभाऊ हळूच म्हणाले, "मीच. मले वाटे, कोणी सोडून राहिला असन."

वेल्डरने तारा तोडल्या. जिथे खोल रुतल्या होत्या तिथे ओढल्या नाहीत, दोन्ही बाजूंनी कापून सोडल्या. जाताना दाराशी आलेल्या सुशीलाबाईंना म्हणाला, "शेड का बाद में देखेंगे, माताजी।"

*

थंडी सरताना वरच्या फांदीला तांबूस पालवी फुटली. सुशीलाबाईंनी आधी मुलाला उठवलं, मग सगळ्या लाइनीला. मुलगा डोळे चोळत बाहेर आला, वर बघितलं. म्हणाला, "चलो आई, गाडी रस्त्यावरच बरी आहे."

त्या दिवशी सुशीलाबाई दोन पोळ्या जास्त जेवल्या!

*

जयंतीला मेश्रामभाऊ शिडी, पताका आणि तारेचं भेंडोळं घेऊन हजर. तारेचं एक टोक समोरच्या खांबाला बांधलं, दुसरं हातात घेऊन आंब्यापाशी आले.

सुशीलाबाई झाडासमोर उभ्या राहिल्या. "भाऊ, धरा तुम्हीच. कार्यक्रम दोनच तासांचा आहे."

भाऊंनी धरली. पहिलं भाषण संपेपर्यंत त्यांनी चारदा हात बदलला. मुलाला दया आली, तो आतून खुर्ची घेऊन आला.

"खुर्ची काहून?" सुशीलाबाई म्हणाल्या. "झाड कधी बसलं होतं?"