तीनशे बारा पत्रं आणि एक फेरी

टपालताई सायकल चालवतात तशाच बोलतात, म्हणजे न थांबता. सव्वीस वर्षं त्यांचा शिरस्ता एकच. सकाळी पुलापलीकडच्या बाजारगावातल्या टपाल कार्यालयात पत्रं लावायची, मग पिशवी सायकलला अडकवून आपल्या गावात नव्वद घरांची फेरी. कोणाचं कुत्रं अंगावर येतं आणि कोणाच्या पेटीत चिमणीने घरटं केलंय, सगळं त्यांना पाठ.

अशा बाईला वरून कागद आला. एक साहेब दिवसभर बरोबर फिरणार. पाचच्या आत फेरी संपवून रिकामी पिशवी खिडकीवर जमा झाली तर ठीक. नाहीतर दारोदार वाटप बंद, लोकांनी बाजारगावात येऊन पत्रं न्यायची आणि ताईंनी तिथे काचेमागे बसायचं.

"काचेमागे बसून काय करू मी? मासा आहे का?" त्या नवऱ्यावर करवादल्या. बाकी कोणाला त्या काही बोलल्या नाहीत.

पण नवरा पडला गावचा न्हावी. त्याच्या पोटात काही राहत नाही. दुपारपर्यंत चार दाढ्या झाल्या आणि साहेब मोजायला येणार, ही बातमी गावभर झाली. काय मोजणार, हे विचारायची तसदी कोणी घेतली नाही. पत्रंच मोजणार, दुसरं काय! मग ताईंची पिशवी हलकी दिसून कसं चालेल? गावाने गुपचूप लेखणी उचलली. एकाच पेटीत टाकली तर साहेबाला संशय येईल, म्हणून सुतार स्टेशनच्या गावी गेला, शाळेच्या बाई गिरणीच्या गावी, आणि बेकरीवाल्याने पावाच्या गाडीतून आणखी दोन गावं पालथी घातली. एवढं डोकं ही माणसं एरवी वापरत नाहीत.

ठरलेल्या सकाळी ताईंनी पोतं टेबलावर पालथं केलं आणि डोक्याला हात लावला. रोज चाळीसच्या आसपास पत्रं असत. आज तीनशे बारा! पहिल्या दहा पाकिटांवरची अक्षरं बघूनच त्यांना सगळा प्रकार कळला. गावाने गावालाच पत्रं लिहिली होती. त्यांना रागही आला आणि डोळ्यांत पाणीही आलं.

साहेब किडकिडीत, हातात घड्याळ. "रोज एवढी असतात?"

"छे हो. आज गावाला चेव आलाय," ताई म्हणाल्या. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नाही.

एक वाजला तरी पहिली गल्ली संपली नव्हती. दारादारांत माणसं हसत उभी, डोळे मिचकावत. "ताई, अजून एखादं बघा ना!" तीन वाजता निम्मी पिशवी बाकी होती. न्हाव्याच्या दुकानाशी पोचल्यावर ताईंचा बांध फुटला.

"अहो, साहेब वेळ मोजतायत! पत्रं नाही! माझ्याच पायावर धोंडा पाडलात सगळ्यांनी!"

नवऱ्याचा वस्तरा हवेतच राहिला. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या गालाला फेस तसाच घेऊन बाहेर पळालं आणि घरोघर ओरडत सुटलं.

ताई साहेबांकडे वळल्या. "पत्र ज्याचं त्याच्या हातात द्यायचं, हाच नियम ना? तो हात कुठे असावा, हे लिहिलंय?"

साहेबांनी खिशातली पुस्तिका काढली, पानं उलटली, परत उलटली. "नाही लिहिलेलं."

"मग सगळ्यांना शाळेसमोर बोलवा!" म्हणत ताईंनी नवऱ्याला पिटाळलं. दहा मिनिटांत सगळं गाव तिथे हजर. ताई पायरीवर चढल्या आणि फेरीतल्या घरांच्या क्रमाने हाका मारू लागल्या, कारण दुसरा क्रम त्यांना येतच नव्हता. पाकिटं जागीच फुटू लागली. बेकरीवाल्याने सुताराला लिहिलं होतं, 'काय लिहावं सुचत नाही. तू केलेलं कपाट उत्तम आहे. दार लागत नाही, पण उत्तम आहे.' लोक पोट धरधरून हसले. साहेबही हसले आणि लगेच घड्याळाकडे बघू लागले.

सुताराच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी एकटी राहते. तिला सुताराचं पत्र होतं. 'सकाळी तुमचा खोकला ऐकू आला नाही की मला काळजी वाटते. कधी सांगितलं नाही.' म्हातारीने ते तीनदा वाचलं आणि चष्म्याच्या डबीत ठेवलं.

मग ताई पुलाकडे अशा सुटल्या की मागच्या सायकलवर साहेबांना धाप लागली. पाचला आठ मिनिटं कमी असताना रिकामी पिशवी खिडकीवर पडली. साहेबांनी लिहिलं, 'फेरी वेळेत पूर्ण. वाटप चालू ठेवावे.' ताई तिथेच, सगळ्यांसमोर, आनंदाने रडल्या.

दुसऱ्या दिवशी गावातली टपालपेटी उघडली तर आतून पाकिटांचा ढीग कोसळला. बरोबरच होतं. पत्र आलं म्हणजे उत्तर द्यायला नको? म्हातारी आपलं जाडजूड पाकीट घेऊन पेटीपाशीच उभी होती. वर सुताराचं नाव.

"अहो आजी, भिंतीपलीकडे तर राहतो तो. जाऊन बोला की!"

"बोलायला कुठे जमतं गं मला?" म्हातारी म्हणाली. "म्हणून तर लिहिलं."

ताईंनी ते पाकीट दोन्ही हातांनी घेतलं. त्या दिवसापासून त्या घरातून अर्धा तास लवकर निघतात.