रुमालाखालचा जबाब

"लिहा सर्टिफिकेट," साहेब म्हणाले. "ऐकू येतं, पण समजत नाही. वेड म्हणजे आणखी वेगळं काय असतं?"

मी टाक उचलला नाही. समोरच्या बाकावर बाबालाल बसला होता. तो मुरगूडचा हेडी, म्हणजे बाजारात बैलांची खरेदी-विक्री करणारा. अंगाने दणकट होता, मात्र तोंडाचा एक कोपरा किंचित खाली ओघळलेला.

ही गोष्ट महाराजांच्या अमदानीतली. मी तेव्हा कोल्हापुरात इस्पितळात असिस्टंट होतो. आमच्या मोठ्या डॉक्टरांना सगळे साहेब म्हणत. बाबालालने भर बाजारात दुसऱ्या हेड्याच्या डोक्यात काठी घातली होती. फौजदार विचारी एक आणि हा बोले भलतेच. म्हणून कोर्टाने त्याला तपासायला आमच्याकडे पाठवले. आम्ही वेडा ठरवला, की त्याची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात. तिथे गेलेली माणसे सहसा परत येत नसत.

त्याची बायको हलीमाबी दाराशी उभी होती. ती म्हणाली, "डाक्टरसाब, मालक येडं न्हाईत. माझ्या हातचं जेवत्यात, म्हशींस्नी नावानं हाका मारत्यात. फकस्त मी बोलाय लागले की माझ्या तोंडाकडं बघत बसत्यात."

"कधीपासून?"

"गोठ्यात पडलंत तवापास्नं. दीर म्हनतोय, लागीर झालंय."

मी बाबालालला विचारले, "तुझं नाव काय?"

"बैल माझाच हाय," तो म्हणाला.

"गाव कुठलं?"

"कवाधरनं बसवून ठेवलंय हितं. घरला कामं न्हाईत व्हय मला?"

बोलणे स्वच्छ होते. वाक्ये नीट जुळलेली. एवढेच की, ती माझ्या प्रश्नाची उत्तरे नव्हती. त्याच्या पाठीमागे मी पितळी वाटी खाली टाकली. तो दचकून वळला. बाहेर घुंगरांचा आवाज आला. "टांगा आला जनू," तो आपणहून म्हणाला. कानाचा काही दोष नव्हता. मी खिशातले घड्याळ काढून दाखवले. "घड्याळ," तो म्हणाला. मग मी त्याच्या पाठीमागे उभा राहून 'घड्याळ' हा शब्द मोठ्याने म्हटला. तो वळला आणि माझ्या ओठांकडे बघत राहिला.

"तुमी समदी अशी का बोलताय?" तो कळवळून म्हणाला. "पान्यात बुडी मारल्यावर काठावरचं ऐकू येतं न्हवं, तसं वाटतंय. आवाज येतोय. बोलनं येत न्हाय."

असा रोगी मी तोवर पुस्तकातच वाचला होता. आपण शब्द ऐकतो असे म्हणतो, पण कानावर शब्द येतच नाहीत. येतो तो नुसता आवाज. त्यातून 'प' कोणता आणि 'ब' कोणता हे मेंदू निवडून काढतो. निवडलेल्या ध्वनींचा शब्द जुळतो, आणि त्यानंतर त्या शब्दाचा अर्थ मनात उभा राहतो. हे सगळे इतक्या झटपट होते की ते एकच काम वाटते. पण मेंदूत त्यासाठी निरनिराळ्या जागा आहेत. बहुतेकांच्या डाव्या कानाच्या वरच्या अंगाला ध्वनी निवडणारी जागा असते. रक्तपुरवठा तुटून तेवढीच जागा निकामी झाली, तर माणसाला घंटा कळते, गाडीचे चाक कळते, पण माणसाचे बोलणे कळत नाही. अर्थ शाबूत असतो. अर्थाकडे जाणारी कानाची वाट मात्र बंद झालेली असते.

मी साहेबांना हे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"सबनीस, पुस्तक मीही वाचलं आहे. पाटीवर प्रश्न लिहून द्या त्याला."

"त्याला अक्षरओळख नाही, साहेब."

"मग कोर्टाला काय दाखवणार? खाणाखुणा कुत्र्यालाही कळतात. विचारलेल्याला विचार करून दिलेलं उत्तर पाहिजे."

साहेबांचे म्हणणे चूक नव्हते. हलीमाबीने पदर तोंडाला लावला.

ज्याच्या डोक्यात काठी बसली तो गडहिंग्लजकडचा सिद्रामअण्णा. तोही डोक्याला पट्टी बांधून व्हरांड्यात बसला होता. मी त्याला आत बोलावले.

"भांडण कशावरून झालं?"

"भांडान कुठलं वो? बैल घेण्याआधी त्येला पानी दाखवून आनतो म्हनलं आन् कासरा धरला. ह्येनं घातली की काठी! मी चोर हाय व्हय?"

"त्याच्याआधी सौदा करताना तो कसा वागत होता?"

"रुमालाखाली? तितं गडी एकदम सरळ. ह्यो लई चेंगट, एक बोट ढिलं सोडायचा न्हाय. रुमाल काढला आन् येडा झाला."

मी साहेबांकडे पाहिले. बाजारात बैलाचा दर तोंडाने बोलत नाहीत, कारण भोवतीच्यांना तो कळू द्यायचा नसतो. दोघे हात मिळवतात, वर रुमाल टाकतात आणि एकमेकांची बोटे दाबून दर सांगतात. एक बोट म्हणजे दहा, अर्धे बोट म्हणजे पाच. या बोलण्यात कानाचे काहीच काम नाही.

इस्पितळाच्या पाण्याच्या गाडीचा बैल आवारातच होता. त्याला पुढे आणले. सिद्रामअण्णाने साहेबांच्या कानात एक आकडा सांगितला आणि बाबालालपुढे हात केला. वर रुमाल पडला. बाबालालने आधी बैलाचे तोंड उघडून दात पाहिले, मग हात आत घातला. क्षणभरात तो उसळला.

"पस्तीस? ह्या म्हाताऱ्याचं? सिद्राम, काठी तुझ्या डोस्क्यात बसलीया, माज्या न्हाय!"

साहेबांनी होकारार्थी मान हलवली. आकडा तोच होता.

"आरं, असं वरडून सांगतोस, मग रुमाल कशाला घातलाय?" सिद्रामअण्णा चिडून म्हणाला.

बाबालाल त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. "आता काय म्हनतोय ह्यो?"

साहेब व्हरांड्यातून खाली उतरले. सिद्रामअण्णाकडून बोटांची रीत समजून घेतली आणि स्वतःचा हात रुमालाखाली घातला. बाबालालने डोळे मिटले. मग अदबीने हात सोडवून घेतला.

"वीस व्हय? सायेब, म्हातारा असला तरी कामाचा हाय. इतका सवंग घालवू नगा."

सगळे हसले. साहेबांनाही हसू आवरले नाही. त्यांनी आत जाऊन टाक उचलला आणि सर्टिफिकेट स्वतः लिहिले: वेडा नाही, बोललेला शब्द मेंदूला पोचत नाही.

सिद्रामअण्णाने बैलाकडे बोट दाखवून ओंजळीने पाणी पिण्याचा अभिनय केला. बाबालालला उमगायला थोडा वेळ लागला. मग त्याने सिद्रामअण्णाच्या पट्टीवर हलकेच हात ठेवला. फिर्याद त्याच आठवड्यात मागे घेतली गेली.

शब्द त्याला पुढे थोडेफारच परत आले. धंदा मात्र चालू राहिला. बाजारात तोंडाने बोलायचे ते सिद्रामअण्णा बोले. एकदा हलीमाबी औषधाला आली तेव्हा सांगत होती, घरातही त्यांनी बोटांची बोली केली होती. एक बोट म्हणजे जेवण, दोन म्हणजे पाव्हणं आलंय. "आन् पाची बोटं धरली की भांडान," ती म्हणाली.

या पावसाळ्यात माझी पत्नी वारली. शेवटी शेवटी तिलाही शब्द कळत नव्हते. भेटायला येणारी माणसे प्रेमाने यायची आणि उशाशी उभी राहून ओरडायची. दर वेळी ती डोळे घट्ट मिटून घ्यायची. मी त्यांना बाहेर बसवत असे आणि तिची बोटे हातात धरून गप्प बसत असे. आम्ही बोटांची बोली कधी ठरवली नव्हती. तरी कधीमधी ती एक बोट दाबायची. त्याचा अर्थ मला लावता आला नाही. मी उलट दाबत असे.

ज्याला आपले बोलणे समजत नाही, त्याच्याशी मोठ्याने बोलू नये. आवाज त्याला येतच असतो.