एकवीस दिवसांची जीभ

मी देव मानतो, भूत मानत नाही. आधीच सांगून ठेवतो. आमच्या शहाडला नदीकाठच्या एका चिंचेला अख्खा गाव घाबरायचा, मी तिच्याखाली बसून तंबाखू मळायचो. इथे तुम्ही लोक हडळीचे किस्से टाकता ते नात वाचून दाखवते आणि मी हसतो. तरी हे लिहितो आहे... कारण हे दुसऱ्या कुणाच्या नाही, माझ्याच तोंडात घडलं!

शिक्षण सातवी. मी वहीत लिहितो, नात टाईप करते. चुका तिच्या.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही ठाण्याला वर्तकनगरात राहायचो, दुसरा मजला. कंपनी बंद पडली आणि मी फिटर घरी बसलो. स्टेशनजवळ परब शेठचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. त्याच्याकडे खाऱ्या पाण्यातले मासे रामेश्वरकडून पिशव्यांत भरून यायचे. आता नवा मासा थेट जुन्यांत सोडायचा नसतो. त्याच्या अंगावर बारीक किडा असतो. रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके येतात, आणि आठवड्यात अख्खी टाकी साफ! मासा वरून स्वच्छ दिसला तरी भरवसा नाही, किडा तळाशी पडून वाढतो आणि परत चढतो. म्हणून एकवीस दिवस वेगळा टब. रोज तळातलं थोडं पाणी काढायचं आणि तेवढंच मोरचूद घातलेलं खारं पाणी वर टाकायचं. मोरचूद जास्त झालं तर मासा मरतो, कमी पडलं तर किडा मरत नाही. हे काम परब शेठने आमच्या घरी दिलं होतं. आमच्या म्हणजे माझ्या बायकोला, हिराला.

हिरा मिठागरावर वाढलेली आगऱ्याची पोर. शेठ काचेचा काटा पाण्यात तरंगवून खारेपणा बघायचा. ही बोट बुडवून जिभेला लावायची, थुंकायची आणि सांगायची, "पानी फिक्का हाय." काटा पण तेच सांगायचा! मोरचूदसुद्धा तिला कळायचं. म्हणायची, न घासलेली तांब्याची कळशी चाटल्यावानी लागतं. शेठ कपाळाला हात लावायचा. "वहिनी, एवढंसं औषध माणसाच्या जिभेला कळत नाही हो!"

आणि माझी जीभ? तीस वर्षं तंबाखू. चव कधीच मेलेली. चहा काय न् डाळ काय, गरम असलं की झालं. हिरा म्हणायची, "तुमची जीभ म्हंजे चपलेचा तला."

आमच्या बाहेरच्या खोलीत एक टाकी आमची स्वतःची होती. तिच्यात एकच मासा — हळदीच्या रंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची क्लाउन. शेठने मेली म्हणून टाकायला काढलेली, हिराने घरी आणून जगवली. सहा वर्षं झाली होती. नाव नवरी. तिला जोडीदार आणायचा हा हिराचा हट्ट. शेवटी शेठने एक छोटा नर आणून दिला. तो टबात गेला, आणि पाचव्या दिवशी सकाळी हिरा भांडी घासता घासता बसली ती उठलीच नाही. हार्ट.

मला रडता येत नव्हतं. मी फक्त तो टब सांभाळला. तिने मोरचूद मिसळून ठेवलेल्या पाण्याचे तीन कॅन गॅलरीत निळ्या पिंपाशेजारी होते. रोज त्यातलं पाणी टाकायचो. दहावं झालं, तेरावं झालं, पाहुणे गेले. टिटवाळ्याची माझी मोठी बहीण तेवढी राहिली. तिला आम्ही बाय म्हणतो.

एकविसावा दिवस. सकाळची वेळ, गॅलरीत ऊन. मासा चकचकीत, अंगावर एक ठिपका नाही, तुकडा टाकला की झडप घालतो. काटा बघितला, बरोबर. मी जाळी हातात घेतली.

बाय म्हणाली, "सोड रे तुक्या, हिराची इच्छा होती."

सोडणारच होतो. पण सोडायच्या आधी हिरा एकदा बोट चाटायची. मला कळणार तर काही नव्हतं... नुसता तिचा मान म्हणून मी बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

आणि तोंडात आगच लागली! खारं! अहो, खारं!! तीस वर्षांनी! कान गरम झाले, डोळ्यांतून पाणी. जाळी टाकली आणि स्वयंपाकघरात पळालो. साखर — गोड! हिंग — अरे बाप रे! बाय ओरडायला लागली, "तुक्या, येड लागला का तुला?"

मग एकदम थांबलो. त्या पाण्यात खारं होतं... पण कळशी कुठे होती? मोरचुदाची बाटली काढली, कपभर पाण्यात एक थेंब टाकून बोट चाटलं, थुंकलं. हो! तांब्याची कळशी, हिरा म्हणायची अगदी तीच! परत टबातलं चाटलं. नुसतं खारं. कळशी नाहीच.

"बाय, या पाण्याला कुणी हात लावला?"

"मी काय केला? घरात मयत झाली की साठवणीचा पानी ओततात, तसा ओतला. हंडे, बादल्या, ते तीन कॅन."

"आणि कॅन परत भरले कशातून?"

"त्या निल्या पिंपातून. पिंप हलंना. आनि समिंदराच्या पान्याला कसला सुतक?"

पिंपात साधं समुद्राचं पाणी होतं, औषध नसलेलं. म्हणजे सोळा दिवस मी रोज माझ्याच हाताने औषध पातळ करत होतो. बायचं काही चुकलं नाही, रीत ती रीत. पण मी तसाच बाटली भरून शेठकडे धावलो. त्याने औषध तपासायचे थेंब टाकले... रंगच येईना! म्हणाला, "भाऊ, काहीच नाही यात. तुम्हाला कळलं कसं?" मी म्हटलं, जिभेला. त्याने थेंब परत टाकून बघितले. माझी जीभ त्याला माहीत होती.

औषध पुन्हा चालू केलं, पहिल्यापासून. आणि चौथ्या दिवशी त्या चकचकीत माशाच्या कल्ल्यांवर रवा फुटला! पांढरे दाणे! त्या सकाळी सोडला असता तर हा गेलाच असता, आणि नवरीही गेली असती. हिराची तेवढीच एक माझ्याकडे उरली होती.

पुढचे एकवीस दिवस माझी जीभ जिवंत होती. रोज सांगायचो, आज कमी, आज बरोबर. शेठचे थेंब प्रत्येक वेळी हो म्हणायचे.

त्याच दिवसांत बायने फडताळातून हिराच्या लोणच्याची मोठी बरणी काढली. मी एक फोड तोंडात टाकली आणि थुंकली. मीठच मीठ! मिठागरावरची बाई, आणि असं लोणचं?

बाय हसली. म्हणाली, "ही तुझी बरनी, तुक्या. तिची ती बारकी. तुला कमी मिठाचा कलायचा नाय, म्हून ती तुझा दरसाल येगला घालायची."

मला कधी बोलली नाही ही. तेव्हा रडलो. त्या माणसांनी भरलेल्या घरात आला नव्हता तो सगळा हुंदका आला.

नंतर मी दोन्ही बरण्यांतलं खायला लागलो. आधी तिचं, मग माझं. बाय ओरडायची, पुरवून खा, आता परत कोण घालणार आहे? मी ऐकलं नाही.

एकविसाव्या दिवशी मासा नवरीकडे सोडला. तिने एकदा हाकललं, मग जवळ येऊ दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तोंडाला लावला... गरम. नुसता गरम. साखर चाटली, हिंग चाटला, काही नाही. डॉक्टर म्हणाला, गेलेली चव अशी येत नाही, तुम्हाला भास झाला असेल. मग शेठच्या थेंबांना पण भास झाला काय?

पण बरण्या मी आदल्या रात्रीच संपवल्या होत्या. दोन्ही, पुसून. बरं झालं, बायचं ऐकलं नाही.