एक खात्रीचा नापास

लीलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी विचारलं, "कुठलं केंद्र?" बावीस वर्षं त्यांच्या नंबरावरून फोन आला की अंध मुलाच्या परीक्षेला लेखनिक हवा असणार, हे ठरलेलं. मूल सांगणार, आपण लिहायचं. त्यामुळे समोरचं ऐकून न घेताच मी पुढे "एम.ए.चा पेपर असेल तरच मी चालेन हं" हेही सांगून टाकलं. पलीकडे त्यांची सून मीनल होती. "अहो विनयराव... आई गेल्या."

आमची ओळख माझ्या नापास होण्यातून वाढली. सदाशिव पेठेतल्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर, आम्ही खाली. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षी मी अर्थशास्त्रात तिसऱ्यांदा आपटलो, त्या दिवशी घरात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं, आणि या मात्र लॉटरी लागल्यासारखा चेहरा करून खाली आल्या. लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, असा नियम. "रोहिणीचा एम.ए. अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्या विषयातलं काही न कळणारा माणूस हवाय. तुझ्याइतका खात्रीचा दुसरा कुठे शोधू?" आयुष्यात पहिल्यांदाच माझी पात्रता कुणाला तरी पुरेशी वाटली होती.

रोहिणी वर्ध्याची, जन्मापासून अंध, आणि बोलणं सुईसारखं. "मागणी वाढली की किंमत वाढते," पेपर सुरू झाल्यावर तिने सांगितलं. मला पटेना. मंडईत एकदम पाच किलो कांदे घेतले की भाव उतरतो, हे मी स्वतः पाहिलेलं... बिचारीचे गुण जायला नकोत म्हणून मी "घटते" असं लिहिलं. मग तिने वाचून दाखवायला सांगितलं.

"हे मी सांगितलं?"

"नाही, मी जरा सुधारलं..."

"दादा, तुम्हाला सुधारता आलं असतं तर तुम्ही इथे बसला असता का? मी सांगते तेच लिहा."

वर्ष तिचं आणि पेन माझ्या हातात, हे तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. ओळ खोडून तिचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं. नंतर मी एक काना इकडचा तिकडे केला नाही. बाहेर आल्यावर ताईंना सगळं सांगितलं. त्या आता मला हाकलणार, अशी खात्रीच होती. पण एवढंच म्हणाल्या, "चुकलास हे कळलं ना? मग बुधवारी ये."

बुधवारी गेलो, आणि जातच राहिलो. बसस्टॉपवर रोहिणी मला मागणी-पुरवठा समजावायची. एरवी मी जिथे तिथे नको असायचो, परीक्षेच्या दारात मात्र कुणीतरी माझी वाट पाहत उभं असायचं... त्या भरवशावर मी माझा स्वतःचा पेपर पुन्हा दिला. अर्थशास्त्रात सगळ्यांत जास्त गुण! आज त्याच विषयाच्या शिकवण्या घेतो. निकालाचे पेढे घेऊन वर गेलो तर ताई हिरमुसल्या. "म्हणजे बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना तू आता निरुपयोगी. एक चांगला नापास गेला माझा." आणि हळूच दुसरा पेढा उचलला.

त्या स्वतः मॅट्रिकच राहिल्या, मुद्दाम. टेलिफोन खात्यात बढतीला पदवी लागत होती. "बी.ए. झाले तर निम्मी मुलं हातची जातील," म्हणाल्या आणि बढती सोडली. पण कायद्याचे इतके पेपर त्यांच्या हाताखालून गेले होते, की इमारतीच्या पुनर्विकासाच्या बैठकीत बिल्डरच्या वकिलाला त्यांनी कलमानिशी गप्प बसवलं. त्याने अदबीने विचारलं, "मॅडम, आपली प्रॅक्टिस कुठे?" "दुसऱ्यांच्या उत्तरपत्रिकांत," ताई म्हणाल्या.

शोकसभेत वकीलबाई उठल्या, बँकेतले अधिकारी उठले, संगीतशिक्षक उठले. प्रत्येकाचं पहिलं वाक्य एकच, "माझा पेपर ताईंनी लिहिला." शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत. आम्ही वाजवल्या, हात दुखेपर्यंत.

परवा मीनलने ताईंच्या फोनशेजारची, लेखनिकांच्या नावांची वही आमच्या हवाली केली. यापुढे ती मी आणि रोहिणीने सांभाळायची. रोहिणी आता प्राध्यापक आहे. ताईंच्याच खुर्चीत बसून म्हणाली, "वाचा." प्रत्येक नावापुढे ताईंचा शेरा. वाचत वाचत माझ्या पानावर आलो. तिथे लिहिलं होतं, "विनय. अक्षर बरे. बडबड फार. लक्ष ठेवावे." मी मोठ्याने वाचलं, "विनय. अक्षर सुंदर. स्वभाव शांत. पूर्ण भरवशाचा."

रोहिणी हसलीसुद्धा नाही. "शांत? दादा, अजून सुधारताच का? लिहिलंय तेच वाचा."