पेणच्या कोपऱ्यातलं शंटिंगचं इंजिन

डोलवीच्या कंपनीत मी कंत्राटी कामाला आहे, घर रोह्याला. ड्युटी सुटली की पेणला यायचं आणि रोह्याची गाडी धरायची. गेल्या वर्षी वडिलांना लकवा झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मी घरी सांगायला लागलो की कंपनीत ओव्हरटाइम लागतोय. लागत नव्हता. पेणला गणपतीच्या एका कारखान्यात मालकाने मला कोपरा दिला होता. तिथे बसून मी वाफेचं इंजिन बनवत होतो. हातभर लांबीचं, शंटिंगचं.

लहानपणी रोह्याजवळ एका सायडिंगवर तसलं एक होतं. पाण्याच्या टाक्या दोन्ही कुशींना, मागे कोळशाची जेमतेम खोपटी. लांबच्या गाडीला ते कधी लागलं नाही. मालगाडीच्या वाघिणी ढकलायच्या, मागे यायचं, रूळ बदलून पुन्हा ढकलायच्या, एवढंच. पण भरलेल्या वाघिणी हलवायची वेळ आली की त्याची चाकं जागच्या जागी फिरायची, ते खोकायचं, धुरात दिसेनासं व्हायचं, आणि मग कडीला कडी ताणत सगळी रांग निघायची. वडील त्या कड्या अडकवायचे. दोन वाघिणींच्या मध्ये वाकून शिरायचे आणि हात वर करून बाहेर यायचे. त्या हाताकडे बघून इंजिन हलायचं.

माझ्या इंजिनाचा बॉयलर पाइपचा होता, टाक्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याच्या. पत्र्याच्या जोडावरचे रिव्हेट काही जमेनात. शेवटी मूर्तींवर दागिने काढणाऱ्या बाईंनी आपला कोन माझ्या हातात दिला, मेंदीचा असतो तसा. घट्ट लेपाचे ठिपके टाकायचे, वाळले की रिव्हेट.

“याचं डोळं कुठं काढायचं?” त्यांनी विचारलं.

“याला डोळे नसतात. एक दिवा, पुढे.”

“मंग ही धुराड्याची सोंड तरी खाली घ्या. वर करून बसलाय, नैवेद्य कसा खायचा त्यानं?”

सगळा कारखाना हसला. मीही हसलो. घरी तेव्हा बायको एकटी वडिलांची कूस बदलत असणार, हे मला माहीत होतं.

त्या संध्याकाळी ठिपक्यांची ओळ अर्ध्यावर आली होती. टेबलावर फोन वाजला. बायकोचं नाव दिसलं. मी फोन पालथा केला. पुन्हा वाजला, तोही वाजू दिला. ओळ पूर्ण केली, मग गाडी धरली.

घरी पोचलो तर तिचा उजवा हात झोळीत. वडील खाटेवरून घसरत होते, त्यांना सावरताना मनगट मोडलं होतं. शेजारच्यांनी दवाखान्यात नेलं होतं.

“ड्युटी सुटली आसंल म्हणून लावला व्हता,” ती म्हणाली. “मंग ध्यानात आलं, आत मोबाइल नेऊ देत नाय. तुम्ही तरी काय करनार!”

मी मान हलवली. ती मान हलवणं फोन पालथा करण्यापेक्षा वाईट होतं.

पुढे आठ-दहा दिवस पेणला उतरून थेट गाडीत बसलो. कारखान्यात गेलो नाही, पण बोललोही नाही. स्वतःला समजावत होतो की इंजिन वडिलांसाठीच चाललं होतं, बघून खूश होतील. तसं नव्हतं. मला वाघिणींमधून हात वर करून येणारे वडील हवे होते. खाटेवरच्या वडिलांजवळ मला बसवत नव्हतं.

शेवटी एका रविवारी ती डाव्या हाताने तांदूळ निवडत असताना सगळं सांगितलं. इंजिन, ओव्हरटाइम, फोन.

तिचा हात थांबला. “नाव दिसलं व्हतं?”

“व्हय.”

ती ताट बाजूला सारून उठली. “चला. बाबांच्या अंगाखालची चादर कशी धरायची ती दावते.”

एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि ओढायची ती चादर, माणूस नाही. मी ओढलं. वडील कण्हले. जिभेला अजून जडपणा आहे, तरी शब्द कळले.

“तुला नाय जमत. तिला सांग.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, दमलेली.

“बाबा, आता तुमचा ल्योकच करनार,” ती म्हणाली आणि बाहेर गेली.

वडील अर्धे वळून अडकले होते. मी चादर सोडली आणि पुन्हा खांद्याजवळून धरली.