येळवशीच्या दिवशी रिकामं गाव

माझ्या सिनेमात कोणीही मरत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण पटकथा लिहायला घेतल्यापासून मला हाच प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला गेला आहे, आणि उत्तर देताना माझा आवाज पूर्वी जसा खाली जात असे तसा आता जात नाही.

मी लोहाऱ्याच्या महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवले. मूळची सोलापूरची. नोकरीच्या निमित्ताने इथे आले, एका घराच्या माडीवर भाड्याने राहू लागले आणि तिथेच राहिले. वर्गात मी न अडखळता बोलत असे, कारण तिथे बोलायचे ते ठरलेले असे. वर्गाबाहेर मात्र रस्त्याच्या कडेने चालणे, दुकानात आपली पाळी येईपर्यंत मागे उभे राहणे आणि कोणी काही विचारले की मान हलवणे, एवढ्यावर माझे आयुष्य बरे चालले होते. निवृत्ती जवळ आल्यावर सिनेमा लिहावा असे मला वाटले, तेव्हा ते मी बराच काळ कोणाला सांगितले नाही. या वयात बाईने भजनी मंडळात जावे, फार तर कविता कराव्यात. सिनेमा हे जरा जास्तच होते.

कल्पना मात्र जुनी होती. ती मला एका वेळ अमावास्येने दिली होती.

आमच्याकडे तिला येळवस म्हणतात. मार्गशीर्षातली ही अमावास्या. त्या दिवशी आमच्या भागातली गावे अक्षरशः शेतात जातात. ज्वारी उभी असते, हरभरा घाट्यांवर आलेला असतो. शेतात कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, घालतात, तिच्यात पांडव म्हणून पाच दगड पुजतात, आणि मग भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, आंबील यांची पंगत बसते. भज्जी म्हणजे आपण बेसनात तळतो ती नव्हे. ओले हरभरे, तूर, वाटाणे, भाज्या असे हाती येईल ते सारे एकत्र शिजवलेले घट्ट कालवण. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावून नेतात. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. कोणाला वगळणे या दिवशी कोणाच्या मनातही येत नाही.

मला वगळले गेले ते नेमके त्यामुळेच. दरवर्षी मला कोणी ना कोणी नेत असे. त्या वर्षी घरमालकीण वहिनींना वाटले की महाविद्यालयातले नेतील, आणि महाविद्यालयातल्या सर्वांना वाटले की घरमालकीण नेणारच. सकाळी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसताना वहिनींनी खालून विचारले, "मॅडम, जायचंय न्हवं शेताला?" मी माडीवरून मान हलवली. प्रश्न आमंत्रणाचा आहे की चौकशीचा, हे मला कळले नव्हते. ट्रॅक्टर सुरू झाला तेव्हा कळले.

थोड्या वेळाने मी खाली उतरले. गल्लीत कोणी नव्हते. हॉटेल बंद, पिठाची गिरणी बंद, तहसीलसमोरची अर्ज लिहिणाऱ्यांची टेबले उलटी घातलेली. जीप स्टँडवर एकही जीप नव्हती. मी सवयीने कडेकडेने चालत होते, आणि चालता चालता लक्षात आले की कोणासाठी कड धरायची ते माणूसच गावात नाही. मी रस्त्याच्या मधोमध आले. जीप स्टँडच्या ज्या कट्ट्यावर बायकांनी बसायचे नाही असे कोणी सांगितलेले नाही, तरी कोणी बाई बसत नाही, त्या कट्ट्यावर जाऊन बसले. एक एसटी आली. कोणी उतरले नाही, कोणी चढले नाही. कंडक्टरने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे पाहिले, आणि नजर खाली घेतली नाही.

संध्याकाळी गाव परतले. वहिनी डब्यात भज्जी घेऊन वर आल्या. महाविद्यालयातले इतिहासाचे सर येऊन उंडे देऊन गेले. कोणाच्या शेतात जेवलात, असे दोघांनीही विचारले नाही. दोघांनाही उत्तर ठाऊक होते, असे त्यांना वाटत होते.

एवढीच माझी गोष्ट. हा दिवस मी वर्षानुवर्षे मनात बाळगला, आणि दर वेळी तो मला शब्दांऐवजी चित्रांतच दिसला.

म्हणून पुण्यात शनिवार-रविवारी चालणाऱ्या एका पटकथालेखनाच्या वर्गात मी नाव घातले. सोलापूरमार्गे जात असे. वर्गातली मुले माझ्या जुन्या विद्यार्थ्यांहूनही लहान होती. शिकवणारे दिग्दर्शक होते. माणूस सभ्य होता, हे मुद्दाम नोंदवते. दृश्य कसे मांडायचे, आत की बाहेर, दिवस की रात्र, हे त्यांनी शिकवले. डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही ते लिहायचे नाही, हेही त्यांनीच शिकवले. 'तिला वाईट वाटले' हे वाक्य माझ्या कागदावर त्यांनी लाल शाईने खोडले, आणि माझ्या लिखाणातले किती काही खोडण्याजोगे आहे हे मला प्रथमच दिसले. प्रत्येक पात्राबद्दल ते एकच प्रश्न विचारत: हिला काय हवे आहे? माझी पाळी आली तेव्हा मला उत्तर देता आले नाही. मी मान हलवली. वर्ग हसला, पण वाईटपणाने नव्हे.

वर्ग संपताना त्यांनी मला थांबवून घेतले.

"बाई, तुमचं रिकामं गाव माझ्या डोक्यातून जात नाही," ते म्हणाले. "मला ते करायचंय. पण त्यात संघर्ष नाही. एक बाई दिवसभर फिरते आणि संध्याकाळी लोक परत येतात. प्रेक्षक म्हणेल, बरं, मग?"

"मग काय करावे?"

"तिचा नवरा गेलेला असू दे. शेत जळालेलं असू दे. म्हणून तिला शेतात जायचं नाहीये. मराठवाडा म्हटलं की प्रेक्षकाच्या मनात काही एक चित्र तयार असतं, त्याला धक्का कशाला लावायचा? आणि ही तुमची अमावास्या फार समजावून सांगावी लागते. दिवाळी करू. पुण्याजवळच एखादं गाव बघू. कथेला तुमचं नाव राहील."

मी विचार करून कळवते म्हणाले. ते म्हणाले, "अमावास्येपर्यंत कळवा," आणि आपल्याच बोलण्यावर हसले.

परतीच्या वाटेवर मी दुखावले होते असे नाही. मला मोह झाला होता. माझ्यासारखीला असे दुसऱ्यांदा कोण विचारणार? घरी येऊन मी त्यांच्या सूचनेप्रमाणे लिहूनही पाहिले. नवरा मेला, शेत जळाले. पण येळवशीच्या शेतात जळालेले काय दाखवणार? त्या दिवसांत ज्वारी डोक्यावर गेलेली असते. म्हणून दिवाळी आणली. दिवाळीत गाव रिकामे होत नाही, उलट भरते, म्हणून माझ्या बाईला घरात कोंडले. ती घरात बसून रडू लागली, आणि पान वाचताना मला ती कोण आहे तेच कळेना. त्या बाईला कोणी रस्त्याच्या मधोमध चालू देणार नव्हते. मी ती पाने बाजूला ठेवली, परंतु नकारही कळवला नाही.

येळवस आली. या वर्षी वहिनींनी रीतसर बोलावले. ट्रॉलीत बसताना मी मूळ पटकथा पिशवीत घातली. का घातली, ते मला सांगता येणार नाही.

पूजा झाली, शेताभोवती आंबील शिंपडून झाली, पंगत उठली. कोपीच्या सावलीत वहिनी, त्यांचे यजमान आणि जाऊबाई बसले होते. इतिहासाच्या सरांचे शेत शेजारीच, म्हणून तेही भज्जीची चव घ्यायला बांध ओलांडून आले होते. पिशवीतून डोकावणारे कागद जाऊबाईंनी पाहिले.

"मॅडम सिनेमा लिवायलेत म्हणं."

"लिहिते आहे थोडेसे."

"थोडंसं कशाला? वाचा की. जेवून झोपच यायलीय, तेवढंच जागं ऱ्हाऊ."

मी वाचले. वर्गात शिकवत असे त्याच आवाजात वाचले, कारण दुसरा आवाज माझ्याकडे नव्हता. मध्येच यजमानांनी आडवे होऊन डोळ्यांवर टॉवेल घेतला.

वाचन संपल्यावर जाऊबाईंनी विचारले, "मेलं कोण ह्यात?"

"कोणी नाही."

"बरं झालं. टीव्हीवर रोज मरतेतच."

टॉवेलाखालून यजमान म्हणाले, "पर त्या बाईला कुणी बोलवलंच न्हाय? येळवशीला? आसं व्हतंय व्हय कुठं?"

वहिनी शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"कुठली हाय ही बाई?"

"काल्पनिक आहे," मी म्हणाले.

"काल्पनिक बाई आपल्याच जिन्यावरनं उतरायलीय की. वाकून, चौकटीला डोकं लागतंय म्हणून." त्यांनी शेंगांचे सूप खाली ठेवले. "मॅडम, तुमी मान हलवली व्हती. म्या इचारलं, जायचंय न्हवं शेताला, तर तुमी मान हलवली."

"हो, हलवली."

"मग? ह्येच्यात माझं काय चुकलं?"

"मला वाटलं, मॅडम तुमच्याकडं चालल्यात," सर म्हणाले.

"तुमाला वाटलं? दिवसभर तुमच्या स्टाफरूममधी बसतेत, आन् तुमी इचारलं न्हाय?"

"राहतात तुमच्या माडीवर. माडीवरलं माणूस घरचंच असतंय, वैनी."

"घरचं असतंय तर उंडे कशाला घिऊन आलाव व्हताव संध्याकाळी? घरच्याला काय बाहेरनं शिदा लागतो?"

यजमान टॉवेल काढून उठून बसले. "दोघंबी शिकल्या-सवरल्यावानी भांडा. शेजारचे बघायलेत."

पण शेजारचे बघतच नव्हते, ते ऐकत होते. तेही बांधापर्यंत आले. कोणी म्हणाले, बोलावणे हे घरमालकाचेच काम. कोणी म्हणाले, नोकरीच्या माणसाला नोकरीवाल्यांनीच न्यावे. मी मांडीवर कागद घेऊन बसले होते. पुण्यात ज्या संघर्षाचा अभाव दाखवण्यात आला होता, तो माझ्यासमोर शेंगांची टरफले उडवीत होता. कोणी मेले नव्हते, काही जळाले नव्हते. एका माणसाला बोलवायचे राहून गेले होते, आणि या मुलखात एवढे पुरेसे होते.

शेवटी जाऊबाईंनी तोडगा काढला. "मॅडम, शेवट बदला. दुपारी कुणीतरी जीप घिऊन परत येतंय, आन् तिला शेताला नेतंय. सगळे हात धरून पंगतीला बसवतेत. झालं. लोक रडतेत पण आन् हसतेत पण."

"ह्ये चांगलं हाय," यजमान म्हणाले. सरही म्हणाले, असेच करा. भांडण मिटण्याची ती चांगली संधी होती, आणि सगळे माझ्या मान हलवण्याची वाट पाहत होते.

"ती जाणार नाही," मी म्हणाले.

"का?"

"तिला जायचे नाही. जीप आली तरी ती कट्ट्यावरून उठणार नाही. तिला तो रस्ता हवा आहे. एक दिवस, पूर्ण."

मी हे बोलले तेव्हा कोणाकडे पाहत होते ते आठवत नाही. एवढे आठवते, की खोडण्याजोगे त्यात काही नव्हते.

वहिनींनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. "म्हंजे आमी वाईट ठरलाव की सिनेमात."

"ठरा."

यजमान असे हसले की त्यांना ठसका लागला. "मॅडमला बोलता येतंय की," ते म्हणाले. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी सोललेल्या शेंगांची मूठ माझ्या कागदांवर ठेवली आणि म्हणाल्या, "खावा. पर माझ्या पार्टला जरा चांगली नटी घ्या."

कोपीत फोन लागेना. मी बांधावर, सरांच्या हरभऱ्यापाशी गेले. दिग्दर्शकांनी लगेच उचलला.

"अमावास्या आली की, बाई. काय ठरलं?"

"नवरा मरणार नाही. शेत जळणार नाही. दिवाळी नाही. गाव हेच."

"मग मला अवघड आहे."

"मला कल्पना आहे."

"बाई, पहिल्यांदाच लिहिणाऱ्याने थोडं लवचीक असावं."

"मी आयुष्यभर लवचीकच होते," मी म्हणाले. "एवढा एक सिनेमा राहू द्या."

त्यांनी शुभेच्छा दिल्या आणि त्या मनापासून दिल्या असाव्यात. सिनेमा अजून झालेला नाही. होईल की नाही, ते मला माहीत नाही. पटकथा मी पूर्ण केली. तिच्यात आता वहिनींचे आणि सरांचे भांडण आहे, जीपही येते आणि रिकामी परत जाते. इकडेतिकडे पाठवते आहे. उत्तरे सौजन्याची येतात. गेल्याच आठवड्यात एका निर्मात्याच्या कचेरीतून फोन आला होता. वाचले आहे, म्हणाले, वेगळे आहे, पण शेवटी काही घडत नाही का, म्हणजे कोणी जाते वगैरे.

मी तेव्हा भाजी घेऊन घरी निघाले होते. मागून टमटमवाला हॉर्न देत होता. मी उत्तर संपेपर्यंत रस्त्याच्या कडेला सरकले नाही.